लॉकर

मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर बसवला म्हटल्यावर
शिंदे की छावनीतली आत्या म्हणाली,
"बरं केलंस. बँकेत हल्ली नंबरच लागत नाही."
मी समजावलं नाही.
ठेवलंच होतं की तिथे काहीबाही:
एक बोनस, दोन दिवाळ्यांचे कपडे,
आणि वळणावरची शांतता.

जिप्सी फौजेच्या लिलावातली.
वरून पांढरी,
दाराची कड खरवडली की अजून हिरवी.
सकाळी हिच्यातून रेवतीची शाळा, कंपूपर्यंत,
मग मुरैनेकडच्या बीहडात
विहिरींत फीत सोडून पाणी मोजायचं,
परतताना दाल बाजारातून तूरडाळ.
दुसरी गाडी अनुयाची. तिला हात लावायचा नाही.

साधा डिफरन्शियल स्वभावाने भोळा.
एखादं चाक हवेत लटकलं
की सगळं बळ त्यालाच देऊन बसतो.
ते गरगरतं नुसतं,
आणि ज्याच्या पायाखाली जमीन आहे
ते गप्प उभं.
आमच्या घराण्यात अशी वाटणी दोनदा झाली आहे.

हा तसं करत नाही.
दोघं एका चालीने चला, म्हणतो.
बाहेरच्या चाकाला वळणावर लांबचा फेरा पडतो,
तेवढ्यापुरता हात सोडतो, तोही कुरकुरत,
टक् टक् टक् टक्
आणि रस्ता सरळ झाला की
धाड्.

धाड् म्हणजे खरंच धाड्.
नई सडकेवर एक पेढेवाला
गल्ला उघडा टाकून बाहेर आला होता.
शेजारचे शेजवळकर तीन वर्षं रोज सकाळी
दात घासता घासता सांगतात,
"तुमचं काहीतरी तुटलंय."
मी "हो" म्हणतो.
गल्लीच्या कोपऱ्यावर वाद घालता येत नाही,
तिथे पाय मोकळा ठेवावा लागतो.

कारण हरगोविंद कुशवाहनं
ग्रीसचे हात पुसत एवढंच सांगितलं होतं:
"भैया, मोड़ पे लालच मत करना."
वळणाआधी पाय उचलायचा,
गाडी आपसूक घरंगळू द्यायची,
सरळ झाल्यावर काय ते मागायचं.
मध्येच मन बदललं
तर कुणी बाहीला धरून ओढावं
तशी हातभर सरकते.
ओल्या रस्त्यावर, महाराज बाड्याच्या फेऱ्यात,
मागची बाजू पुढचीच्या आधी पोचू बघते.
हजिऱ्याचा टायरवाला
दर दहा महिन्यांनी मला चहा पाजतो.

विकावी, असं दोनदा ठरलं होतं.
एकदा जाहिरातही लिहिली.
"आवाज येतो" हे कसं लिहायचं
तिथे अडलो.

मग फाल्गुनात एकदा,
नकाशात नसलेल्या एका पुऱ्याच्या पुढे,
वाट म्हणून जी होती ती संपली.
पुढचं डावं चाक अधांतरी, मागचं उजवं अधांतरी,
काचेत नुसतं आभाळ,
शेजारच्या सीटवर फीत उलगडत चाललेली.
पाय हलका ठेवला.
वाट पाहिली त्या आवाजाची.
काहीच नाही. एक टक्‌सुद्धा नाही.
मातीत टेकलेलं ते एकटं चाक
घाई न करता चढत गेलं
आणि आम्ही वर.
वर एक बाई शेळ्या घेऊन उभी होती.
तिनं गाडीकडे पाहिलंही नाही.

हा फक्त शहरात बोलतो
हे मला तेव्हा कळलं.
शेजवळकरांना सांगणार होतो, राहून गेलं.

परवा अनुया चालवत होती, तिची गाडी.
उरवाई गेटचं वळण.
मी बाजूला बसलेलो,
आणि रबरी मॅटवर माझा उजवा पाय
आपोआप उचलला गेला.
"कशाची वाट बघतोयस?" तिनं विचारलं.
"कुठे काय."
रस्ता सरळ झाला.
काही वाजलं नाही.
मी तरी थोडा वेळ
दात आवळून होतो.