मला राग येतो

इतवारीत, सुताच्या दुकानावर, दुसऱ्या माळ्यावर
लांजेवार सरांचा इंग्रजीचा क्लास.
आम्ही पाच बाया, दोन पोरं, एक रिटायर पोस्टमन
आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त फेकणारा कूलर.

मला ऑफिसनं पाठवलंय.
लाइन गेली की लोक ज्या नंबरावर शिव्या देतात
त्या नंबराच्या या टोकाला मी बसते,
रात्री दहा ते सकाळी सहा.
हिंदी येते, मराठी आहेच.
पण मिहानकडच्या नव्या टॉवरांतली माणसं
इंग्रजीत चिडतात.

सरांनी फळ्यावर लिहिलं : स्ट्रेस.
याला मराठीत काय म्हणाल?
पोस्टमन म्हणाला, टेन्शन.

मग आलं : आय अ‍ॅम अँग्री.
मी विचारलं, सर, हे 'अ‍ॅम' कशाला?
आपल्यात राग येतो.
चप्पल न काढता येतो, बस म्हटलं नाही तरी बसतो,
पण येतो म्हणजे तो वेगळा, मी वेगळी.
इथं तर मीच राग झाले.
सर म्हणाले, निखारे मॅडम, ग्रामर आहे ते.
आडनावावर पोरं हसली.

शॉर्ट फ्यूज, ब्लो अ फ्यूज :
हे शिकवावं लागलं नाही,
मानेवाड्याची डीपी दर मे महिन्यात करून दाखवते.
लेट ऑफ स्टीम : कोराडीचे ते जाडे मनोरे,
रात्रंदिवस सोडतात, कुणी नावं ठेवत नाही.
बॉटल अप.
इथं माझा पेन थांबला.
आमच्याकडे बाटली नसते, सर, आम्ही गिळतो.
गिळलेला पुढे कुठं जातो?
थोडा भांड्यांत जातो, थोडा कणकेत,
उरलेल्याचं मला माहीत नाही.
धुसफूस, फणफण, आदळआपट
याला तिकडे काय म्हणतात?
सरांनी डिक्शनरी उघडली,
बराच वेळ उघडीच ठेवली.

गृहपाठ : राग कशाचा येतो, पाच वाक्यं.
माय हजबंड इज गुड मॅन.
ही टेल्स एव्हरीबडी, शी सिट्स इन एसी.
इट इज ट्रू. आय सिट इन एसी.
बट
आणि पुढे पान कोरं.
सरांनी तांबड्या पेनानं गोल केला :
पूर्ण करा.

तान्ह्या पोळ्याला क्लास झालाच नाही.
खाली रस्ताभर माणसं, मध्ये डुलत पिवळी मारबत,
खोकला घेऊन जाय गे, मच्छर घेऊन जाय गे,
आणि आम्ही सगळे एका खिडकीत.
पोस्टमन ओरडला, टेन्शन घेऊन जाय गे मारबत!
पोरं ओरडली, बॅकलॉग घेऊन जाय!
ज्यांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही
ते सर घरमालकाचं नाव घेऊन ओरडले.
मग माझं तोंड उघडलं.
काय निघालं ते लिहीत नाही.
इंग्रजी नव्हतं, ऑफिसची मराठीही नव्हती,
कोष्टीपुऱ्यातलं होतं,
मागांच्या खटखटीवरून पलीकडे ऐकू जावं म्हणून
माझी आई ज्या पट्टीत बोलायची, त्या पट्टीतलं.
तो आवाज माझ्याकडे आहे
हे मला ठाऊक नव्हतं.
बाजूची बाई थोडी सरकली.

रात्री साडेदहाला पहिला फोन. इंग्रजीत, तापलेला.
आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन, सर, म्हणायला गेले
तर नुसती घरघर.
तो थांबला. मराठीत म्हणाला,
मॅडम, घसा बसला का?
म्हटलं, मारबत होती ना आज.
हसला. आम्ही पण होतो म्हणाला, लेकीला खांद्यावर घेऊन.
ग्राहक क्रमांक सांगितला,
आणि शेवटच्या आकड्यापाशी आठवण आल्यासारखा
पुन्हा इंग्रजीत चिडला.

मी लिहून घेतलं.
वही पर्समध्येच होती. उघडली.
'बट'भोवतीचा गोल तसाच.
पुढे मी मराठीत एक शब्द लिहिला,
खोडला,
तेवढ्यात दुसरी लाइन वाजली.