हेल्मीची पिंपं

हॅनकॉकच्या उतारावरचा सोडा वॉटरचा कारखाना
बंद पडला त्याला एकोणीस वर्षं झाली.
हेल्मीने गॅरेजात ताडपत्री उचलली, तर खाली चार पिंपं.
स्टीलची, मांडीएवढी उंच,
रबराचं बूड, रबराचे कान,
अंगावर कोरलेलं नाव अर्धं झिजलेलं.
"तिघांचे नव्वद डॉलर," ती म्हणाली,
"चौथ्याला पोचा आहे, ते तसंच ने."
मी पोच्यावरून अंगठा फिरवला.
"एर्कीच्या हातून निसटलं होतं, जिन्यात. पाय थोडक्यात वाचला."
एर्की गेला. पोचा आहे.

बावीस वर्षं मी बाटल्या भरल्या.
एका घाण्याला चोपन्न.
प्रत्येकीच्या तळाशी सुकलेला साका,
त्याला लांब दांडीचा ब्रश, कढत पाणी, परत पाणी,
मग चिमूटभर साखर, मग बूच,
आणि बूच ठोकायचं ते लाल यंत्र,
ज्याच्या दांड्यापायी उजवं मनगट
थोडं थोडं करत खर्ची पडलं.
मागच्या हिवाळ्यात तळघरात एक फुटली,
मग शेजारची, मग रांगेने सात.
आम्ही वर जेवत होतो.
ऐलाने काटा खाली ठेवला, म्हणाली,
"जा, तुझी लेकरं भांडतायत."

पिंपाचं तसं नाही.
एकच भांडं धुवायचं, एकदाच भरायचं.
झाकण आतून वर ओढून बसवायचं,
मग आतला दाबच त्याला घट्ट धरून ठेवतो,
तुम्हाला काही करावं लागत नाही.
सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं
आणि बुडबुडा येतो का, बघत बसायचं.
मला हे बघत बसणं आवडतं.
स्कूलबस चालवायचो तेव्हाही
शेवटचं पोर उतरून दारात शिरेपर्यंत
मी गिअर टाकत नसे.

एकच खोड: रबर.
चाळीस वर्षं त्याने रूट बिअर प्यायलेली,
सोड्यात उकळा, उन्हात टाका,
वास जात नाही.
नवी रबरं मागवली, तीन पिंपांची आली.
पोचेवाल्याचं राहिलं.

आता खरी अडचण.
दर घाण्यातल्या सहा बाटल्या
मी वाइनोच्या पायरीवर ठेवत असे.
सख्खा भाऊ. बापाच्या जंगलाची वाटणी झाली
तेव्हापासून बोलत नाही, अकरा वर्षं.
बेल न वाजवता ठेवायचो, निघायचो.
महिन्याभराने तेच खोकं माझ्या पायरीवर,
सहाही रिकाम्या, उपड्या,
आणि आतून अशा लख्ख घासलेल्या
की मला साका खरवडावा लागला नाही
कधीच.

पिंप कुणाच्या पायरीवर ठेवता येत नाही.
सिलिंडर लागतो, नळी लागते, फ्रिज लागतो,
माणसाला पिंपापाशी यावं लागतं.

ऑक्टोबरात खोकं आलं.
दोन दिवस ते तसंच दारात, वर पहिला बर्फ.
ऐला त्याला वळसा घालून जात होती, बोलत नव्हती.
शेवटी एका चिठ्ठीवर लिहिलं:
"बाटल्या बंद. नळ तळघरात. मागचं दार लोटलेलं असतं."
फार झालं असं वाटून शेवटचं वाक्य खोडलं,
मग परत लिहिलं.

शनिवारी सौना तापवून मी बाहेर आलो
तर उतारावर गाडी उभी. दिवे चालू, इंजिन चालू.
किती वेळ, कोण जाणे.
मग इंजिन बंद झालं.

तो जिना उतरला, टोपी न काढता.
म्हातारा झालाय. मीही झालो असेन.
पहिला ग्लास नुसता फेस.
दुसराही.
मी झडपेची कडी ओढून थोडा दाब सोडला,
ती फुस्स केवढ्याने वाजली तळघरात!
तिसरा ग्लास नीट भरला, त्याच्या हातात दिला.
त्याने नाकाशी नेला, थांबला,
पिंपाच्या पोच्याकडे बघितलं.
"रूट बिअर?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "एक रबर बदलायचं राहिलंय."