उत्तर-दक्षिण

दिल्लीहून मेल आला: राष्ट्रीय ज्युनिअर विकासाची दिशा,
पुढची आठ वर्षं, वीस पानांत, शुक्रवारपर्यंत.
मी होय कळवलं.
पद घेतानाही असंच होय म्हटलं होतं,
सर्व्हिस परतवताना विचाराआधी पाय हलतात तसं.

टेनिसचं कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात.
कोवळं ऊन, उतरतं ऊन, कुणाच्याच डोळ्यांत जाऊ नये म्हणून.
नेरुळला, करावे गावाच्या अंगाला, आमचं होतं
ते पूर्व-पश्चिम.
प्लॉटच तसा मिळालेला: एका बाजूला नाला, दुसरीकडे पाण्याची टाकी,
आणि कुरियन सरांकडे होकायंत्र नव्हतं,
चुन्याची पिशवी होती.

सर तुर्भ्याच्या केमिकल कंपनीत स्टोअरकीपर.
चेंडूही स्टॉकसारखे मोजायचे, रोज रात्री बहात्तर.
एकाहत्तर भरले
की आम्ही सगळे टॉर्च घेऊन नाल्यात.

पश्चिमेच्या टोकाला सर्व्हिस आली की सातचा सूर्य
नेमका टॉसच्या जागी.
"सर, चेंडू दिसत नाही."
"थांब. बाजू बदलेल."
एवढंच. वहीतून मान वर न करता.

आज त्याच कोर्टावर मी निवड करायला आले आहे.
चौदा वर्षांखालची सोळा मुलं, जागा चार.
जाळीपलीकडे आईबाप, थर्मास,
प्लॅस्टिकच्या फोल्डरात जन्माचे दाखले;
एक वडील मुलाच्या प्रत्येक डबल फॉल्टला
स्वतःच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतात.
परदेशी सल्लागार टॅबवर लिहितो:
हर्षाली मढवी. टॉस डावीकडे ढळतो, उंची अपुरी.
मूलभूत दोष.

तो टॉस मी ओळखते.
डिसेंबरात डोंगरामागचा सूर्य जरा उजव्या हाताला निघतो,
म्हणून चेंडू डावीकडे, ठेंगणा,
कपाळाच्या सावलीत ठेवल्यासारखा.
माझाही तसाच होता.
पुण्यात, चंदीगडला, एकदा तर बंद छताखाली,
जिथे सूर्य नव्हताच,
तिथेही मी त्याला चुकवत राहिले
आणि उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधी गेले नाही.

तेव्हा सल्लागार खोटं लिहीत नाही.

तिला पूर्वेच्या टोकाला पाठवलं, उन्हाकडे पाठ करून.
दहा सर्व्हिस. दहाही डावीकडून.
"आता तर ऊन मागे आहे ना गं?"
"मला माहितीये, मॅडम," ती म्हणाली,
"हाताला कुठं माहितीये?"

रात्री गेस्ट हाऊसवर आराखडा उघडते.
पिरॅमिडचं चित्र तयारच आहे, कुणीतरी रंगवलेलं:
वरची चार केशरी,
खालची बारा राखाडी.
बारांपैकी एकीच्या हाताला
सूर्य कुठे होता ते पाठ आहे,
आणि ते विसरायला लावायचं काम
आता माझं.
नाही लावलं तर माझ्याइतकीच पुढे जाईल.
लावलं तर, कोण जाणे.

तीन नावं लिहिली. चौथ्यापाशी पेन थांबलंय.
पान एक मात्र पिरॅमिड काढून टाकून पुन्हा लिहिलं:
दोष नोंदवण्याआधी मुलाच्या कोर्टावर जावं,
सकाळी सात वाजता,
दोन्ही टोकांना उभं राहून बघावं.

सल्लागाराला दाखवलं. म्हणाला, हे धोरणात बसत नाही.
असेल.
खाली कोर्टावर कुरियन सरांचा नातू चेंडू मोजतोय,
आवाज वर येतो. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी चपला शोधते.