बेचाळीस

नोटीस बोर्डावर नाव शोधताना
मी खालूनच सुरुवात केली.
वुनपिनी इद्रिसू. औषधशास्त्र. बेचाळीस.
पन्नासाला पास.
हर्मॅटनच्या धुळीनं कागद तांबूस झालेला,
वरच्या कुणाचा तरी आकडा अंगठ्यानं पुसलेला,
माझा मात्र स्वच्छ.

आईला फोनवर म्हटलं, निकाल लागायचाय अजून.
ती तामालेच्या बाजारात, मागे कुणीतरी
शेंगदाण्याच्या तेलाचा भाव पाडत होतं.
'बरं,' म्हणाली. 'जेवलीस का?'
'जेवले.'
हेही खोटंच.

मग तीन आठवडे तेच, जे आधी करत आले होते:
पिवळ्या पेनानं ओळी रंगवणं.
सगळं पान पिवळं झालं की
त्यात पिवळं असं काही उरत नाही,
हे अझारा मॅडमनी सांगितलं
माझा पेपर माझ्याच पुढ्यात टाकून.
'चुकांना नावं दे,' म्हणाल्या.
'नावं ठेवायला बाकीचे आहेत.'

एकोणीस चुका.
चार ठिकाणी मला येतच नव्हतं.
तीन ठिकाणी प्रश्न अर्धाच वाचलेला.
उरलेल्या बारा एकाच घरच्या बहिणी निघाल्या:
ग्रॅमचं मिलिग्रॅम करताना
दशांशचिन्ह भलत्याच दारात उभं.

मला वाटायचं, मी ढ आहे.
ढ नव्हते, घाईत होते.
हे कळून बरं वाटलं, असं काही नाही.
ढ असण्यात एक आराम होता.

पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी, खाट सात.
म्हातारे फुसेनी. हर्नियाचं ऑपरेशन.
काखेतला ढोल वाजवण्यात जन्म गेलेला,
आता पाण्यावरून कुरकुर, उशीवरून कुरकुर,
माझं पेन घेऊन बसलेले.
एक लिटर सलाईन, आठ तास,
वीस थेंबांचा एक मिलिलिटर.
मी कागदावर मांडलं. प्रत्येक पायरीला एकक लिहिलं,
जत्रेत नेताना पोराच्या खिशात पत्ता ठेवावा तसं.
तासांची मिनिटं. लिटरचे मिलिलिटर.
उत्तर आलं: मिनिटाला बेचाळीस.
तोच आकडा.
मला हसू फुटलं.
'मरतोय की काय मी?' म्हातारे म्हणाले.

पण थेंब मोजताना तेविसाला माझी नजर चुके.
पुन्हा एकपासून. पुन्हा तेविसाला.
तिसऱ्यांदा खाटेच्या दांडीवर
त्यांचं बोट वाजू लागलं. डोळे मिटलेले.
'घड्याळाकडे तू बघ,' म्हणाले, 'मोजतो मी.'
मिनीट संपलं. 'छप्पन्न. पळतंय ते.'
मी चाक जरासं फिरवलं.
'एकोणचाळीस. आता लंगडतंय.'
आणखी जरासं.
मग थेंब आणि बोट एकत्र पडू लागले
आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.
नंतर मी एकटीनं मोजले. दोनदा.
पेन काही त्यांनी परत दिलं नाही.

रोज पहाटे पुस्तक मिटून दहा गणितं.
आधी मिटायचं, मग आठवायचं.
बहुतेक वेळा आठवायचं नाही.
अबिबा म्हणे, कशाला स्वतःचे हाल करतेस, बघून घे ना.
मी बघत असे, पण शेवटी.

फेरपरीक्षेत अकराव्या प्रश्नाला
माझं बोट बाकावर आपोआप वाजलं.
पर्यवेक्षकांनी मान वर केली.
मी हात मांडीखाली घेतला.

एकसष्ट.
टाळ्या पडाव्यात असा आकडा नाही हा.
शरीरशास्त्र अजून डोक्यावर आहेच.

आईला एकसष्ट सांगितलं, आणि मग बेचाळीसही.
'ते कळलं होतं मला,' ती म्हणाली, 'त्याच दिवशी.
खरंच जेवलेली असलीस
की काय जेवलीस ते सांगतेस तू.'

तुओ झाफी, मी म्हटलं.
वर अयोयोच्या पाल्याचं कालवण.
मासा दोन तुकडे. एक अबिबानं पळवला.