तिच्या वाट्याचं रडू

हापसालूच्या बॉयलरघरात माझी रात्रपाळी.
दर दोन तासांनी काट्याकडे बघायचं, वहीत आकडा टिपायचा.
मधल्या वेळात मी जहाजाचा कप्तान असतो,
एक डोळा गेलेला, तीन बंदरांत बंदी असलेला.
पलीकडे नोएमी,
उरुग्वेच्या साल्तो गावात संत्र्यांच्या गोदामाचा हिशेब ठेवणारी.
गोष्टीत ती ओर्वा, मुळ्या विकणारी.
आमच्यामध्ये पाच तास, एक महासागर,
आणि दोघांचीही नसलेली इंग्रजी,
उसन्या कोटासारखी. बाह्या दोघांनाही लांब.

सुरुवातीला काय लिहायचो मी!
डोळ्यांना कधी डोळे म्हटलं नाही, पाचूची तळी म्हटलं.
वारा नुसता सुटायचा नाही, वेदनेने विव्हळायचा.
एक दार उघडायला मी अकरा ओळी खर्चल्या
आणि कप्तान आत पोचला तेव्हा
त्याच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.
नोएमीचं उत्तर एका ओळीचं:
ओर्वाने मुळी ठेचणं थांबवलं नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली.
बत्त्याचा आवाज माझ्या बॉयलरपेक्षा मोठा होता.

मग मी बघायला लागलो.
दिवसपाळीचा आर्वो चावी हातात देतो,
तेव्हा त्याची दोन बोटं मिटत नाहीत,
जुनी इजा, त्याविषयी तो बोलत नाही.
ती बोटं मी कप्तानाला दिली. (आर्वोला विचारलं नाही,
हे इथे कबूल करतो.)
कप्तानाला कोटाचं वरचं बटण लागेना.
त्या रात्री ओर्वाने मान वर केली,
तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी हवेत.
हवेत असताना वादळ लिहिलं,
बोट फुटली, ओर्वाचा भाऊ बुडाला,
आणि त्याच दमात लिहून टाकलं:
ओर्वा हंबरडा फोडून कप्तानाच्या छातीवर कोसळली.

नोएमी गोष्टीच्या बाहेर आली.
म्हणाली, वादळ आण. दिवा विझव. भाऊही घे, मी देते.
पण रडायचं की नाही, ते माझं मला ठरवू दे.
मी वाद घातला. म्हटलं, अशा वेळी कोणीही रडलं असतं.
तिने चार दिवस काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तार्तूहून मुलीचा फोन.
मीलिकेचं लग्न मोडलं होतं. हॉल ठरला होता, केकसुद्धा.
मी तोंड उघडलं, "तुला आता वाटत असेल की"
आणि तिथेच अडकलो.
त्या वाक्याच्या पोटात तिचं रडू
मी आधीच शिजवून ठेवलं होतं,
फक्त वाढायचं बाकी.

गप्प बसलो. वाफेचा पाइप शिट्टी घालत राहिला.
"बाबा, आहेस ना?"
आहे.
मग ती चाळीस मिनिटं बोलली,
घरमालकाच्या गालिच्याबद्दल, आणि त्या केकबद्दल,
जो आता ऑफिसात वाटायचा की फ्रीजरमध्ये ठेवायचा.
रडली नाही.
फोन ठेवल्यावर रडली असेल तर
ती ओळ माझी नव्हती.

चौथ्या रात्री मी हंबरडा खोडला.
लिहिलं:
कप्तानाने ओला कोट खिळ्याला अडकवला.
टेबलावर दुसरा पेला ठेवला. भरला नाही.

पाठवलं. पडद्यावर तीन ठिपके हलले, थांबले,
पुन्हा हलले.
साल्तोमध्ये कोणीतरी लिहून खोडत होतं.
मी उठून काटा बघून आलो. चार पूर्णांक दोन.
वहीत टिपलं, वेळ टाकली, सही केली.

परत आलो तर उत्तर येऊन पडलेलं:
ओर्वाने पेला उलटा करून ठेवला.

बॉयलरघरात मी एकटाच मोठ्याने हसलो.
मला वाटलं होतं,
ती भरेल.