राहणार

दांडिया बाजारातल्या या खोलीत
तीननंतर झडपेतून ऊन आडवं येतं.
त्याचीच वाट बघत बसते मी.
समोरच्या उजेडात लोखंड तोंड उघडत नाही,
तिरप्या उजेडात
एकेक खाच आपली इवलीशी सावली घेऊन उभी राहते.

तळहाताएवढी चकती. जपानी तलवारीची परज.
मधोमध पात्याच्या शेपटासाठी भोक,
काठाशी दोन बगळे, एकाची चोच झिजलेली.
पवनाळकरांच्या पेटीत निघाली.
त्यांचे पणजोबा कोबेहून घेऊन आले म्हणतात.
दुकानदारानं तेव्हा काय सांगितलं
ते कुणी लिहून ठेवलं नाही.

भोकाच्या डाव्या अंगाला अक्षरं.
पाच असावीत. किंवा चार, आणि एक गंज.

शंखजिऱ्याची पूड बोटानं भरली, फुंकली.
उत्तरायणातला उरलेला पतंगाचा कागद
वर ठेवून पेन्सिल आडवी फिरवली.
शेवटचं अक्षर आलं: केले.
मधलं आलं:
डावीकडे उभा माणूस, उजवीकडे जळता दिवा,
अर्थ, राहणार.

बावीस वर्षं मोडी वाचली मी दफ्तरात.
रा॥ दिसलं की पुढे गाव यायचं,
कधी चुकलं नाही.
यांच्यात गाव आधी येतं.
आणि तिथेच कुणीतरी, कधीतरी,
दुसऱ्या जाड पात्यासाठी
भोक कानशीनं रुंद केलंय.
गाव त्या भुकटीत गेलं.
उरला नुसता राहणार.
आमच्याकडे हा शब्द भविष्यकाळातही चालतो.

नावाचं एक अक्षर अर्धं शाबूत.
कोशात उच्चार दिलाय, मासा.
मासाच तो. बोटाखाली येतो, निसटतो;
त्याच उच्चाराची आणखी सात अक्षरं
पुढल्या पानावर पोहत असतात.

शेवटी मांडवीत गेले, त्रिकमभाई कंसाऱ्यांकडे.
भांड्यांवर नावं घालतात ते, टिंबाटिंबानं.
त्यांनी चकती उलटी धरली.
मी म्हटलं, उलटी आहे.
ते म्हणाले, मला कुठं वाचायचीय?
मग नखानं चाचपत गेले,
इथं ठोकलं. इथं छिन्नी उचलली.
बेन, हातोडी डाव्या हातात होती याच्या.
आणि हे शेवटलं घाईत झालंय,
दिवेलागण झाली असेल,
नाहीतर गिऱ्हाईक दारात.

केवढी माहिती! कोशात यातलं काही नव्हतं.

पिशवीत माझं पातेलंही होतं, कल्हईसाठी.
त्यावर मामांनी लग्नात घातलेलं नाव,
माझं, माहेरचं, जे लग्नात बदललं.
आता त्यातलं 'नी' तेवढं दिसतं, आणि सालातला नऊ.
त्रिकमभाईंनी अंगठा फिरवला. कोणी घासलं एवढं?
मीच. आधी राखेनं, मग काथ्यानं,
मग ती हिरवी जाळी आली तिनं.
फिरून घालून देऊ? पैसे नकोत.
मी नको म्हटलं.
का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं:
लोखंडी परज, एक. बगळे, दोन.
गाव, गेलेले. नाव, मासा, पुढे प्रश्नचिन्ह.
हात, डावा.
या रकान्याला मथळा नव्हता, मी पाडला.

दुसऱ्या दिवशी ढग होते.
अक्षरं दिवसभर लोखंडच राहिली.
मी चकती फडक्यात पालथी ठेवली, म्हटलं,
उद्या तीनला.