भरलेलं वजा रिकामं

एकोणचाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे ट्रक तोलले.
आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकी पावतीवर, पावती खिडकीतून बाहेर.
मका, सोयाबीन, मका,
एका साली ज्वारी.
शेवटच्या दिवशी पोरांनी मलाच काट्यावर उभं केलं:
दोनशे वीस पौंड.
तो काटा वीसच्या पटीतच बोलतो,
तेव्हा मधले काही पौंड मी आहे की नाही
ते कुणालाच ठाऊक नाही.

मंगळवारी खोकी आली.
ओमाहाच्या ड्रायव्हरनं विचारलं, काय आहे यात?
म्हटलं, गाडी.
त्यानं खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सही कुठं करायची ते दाखवलं.

बत्तीस सालच्या फोर्डची काया, फायबरग्लासची.
आतून धागे दिसतात,
सदऱ्याची उलटी बाजू दिसते तसे.
शेजारचा लूमिर एका टोकाला, मी दुसऱ्या,
दोघांनी दम धरून उचलली
आणि ओशाळलो,
भरलेली समजून रिकामी बादली हिसडल्यासारखे.

खरी बत्तीसची मी एकदाच पाहिली,
सोळाव्या वर्षी, विल्बरच्या रस्त्यावर.
छप्पर कापून खाली आणलेलं, बॉनेट काढून फेकलेलं,
इंजिन उघडंवाघडं, लाज नसलेलं.
चालवत होता एमिल स्कोकान, खाटकाचा थोरला.
त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मी बापाच्या ट्रॅक्टरवर, दुसऱ्या गिअरमध्ये.
एकोणपन्नास वर्षं झाली,
त्या आवाजाची धूळ अजून कानात आहे.

सूचनांचं पुस्तक एकशे बारा पानांचं.
पहिली अकरा पानं नुसती ताकीद.
नमनाला घडाभर तेल,
आणि तेल तर किटमध्ये नाहीच.
किटमध्ये नाही: इंजिन, गिअरबॉक्स, टायर, बॅटरी, रंग,
आणि सोळाव्या वर्षीचे गुडघे.
पिशवी क्रमांक नऊ, बोल्ट चोवीस.
मोजले, तेवीस. पुन्हा मोजले.
तोलाऱ्याला असलं चालत नाही.
अख्खं गॅरेज रांगत पाहिलं,
फक्त एक जुनं कानातलं सापडलं, व्हर्लीनचं,
जे हरवल्याचं तिनं कधी सांगितलं नव्हतं.
फोन केला. बाई म्हणाली, पाठवते, दहा दिवस लागतील.
म्हटलं, घाई नाही.
आणि फोन ठेवल्यावर कळलं,
हे वाक्य मी उभ्या जन्मात कुणाला म्हणालो नव्हतो.
सुगीत बावीस ट्रक रांगेत असताना
ते तोंडात येतच नाही.

व्हर्लीनची एकच अट:
पहिल्या बर्फाआधी माझी गाडी आत.
मी मान हलवली. कोणत्या वर्षीचा बर्फ, ते विचारलं नाही.
आज ऑक्टोबरची सहा तारीख.

काम म्हणावं असं एकच झालं.
फरशी झाडली, आणि खडूनं
गाडीची रेघ आखली, मापं घेऊन, मूळ आकाराची.
चार चाकं. दोन माणसांची जागा.
मग डावीकडे उलटी बादली ठेवून बसलो.
कुणी पाहत नव्हतं. हात आपसूक पुढं गेले,
नसलेलं चाक धरून थोडं डावीकडे वळले.

व्हर्लीन कचऱ्याची पिशवी घेऊन आली, थांबली.
पिशवी दाराशी ठेवली,
रेघ न तुडवता मागून वळसा घालून
पलीकडच्या बाजूला आली.
रंगाचा जुना डबा ओढला, बसली.
समोर भिंत. भिंतीवर फावडं,
मुलांची घसरगाडी, दोरी कुरतडलेली.
आम्ही बराच वेळ तिकडेच पाहत राहिलो,
रस्त्याकडे पाहावं तसं.

मग म्हणाली, यात हीटर नाही का?

मी पुस्तक उघडलं. एकशे बारा पानं. नाही.
पेन्सिल शोधली,
मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं:
बोल्ट, एक.
हीटर, एक.